नव्या फ्लॅटचा ताबा घेताना दारं आणि कपाटांचं सुतारकाम चांगलं झालंय की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

यात बिल्डरने लावलेली दारं येतात आणि तुम्ही मिस्त्रीकडून करून घेतलेली कपाटंही. तपासायला जाताना मीटर टेप, टॉर्च, छोटा आरसा आणि तीन जुनी एटीएम कार्डं न्या. समोरची बाजू सगळेच चकचकीत करतात. खरं काम कळतं ते कडांवर.

आधी दार. पल्ला, म्हणजे दाराची उघडमिट होणारी फळी, अर्धा उघडून सोडून द्या. तो आपणहून सरकला तर चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सात फुटी चौकटीत ३ मिमीहून जास्त फरक आला तर ती गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि पल्ला तासून कसाबसा बसवला असणार. दार मिटून फटीत कार्डं सरकवा. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. तीन कार्डं एकत्र वरपासून खालपर्यंत सारखी फिरली तर फट ठीक आहे. एकसुद्धा जात नसेल तर मे महिन्यात सुरळीत मिटणारं दार जुलैत घासणार.

आता आरसा. बाथरूमच्या दाराखाली धरा आणि टॉर्च मारून खालची कड बघा. वरच्या कडेचा मोबाइल उंच धरून फोटो काढा. या दोन कडा बहुतेकदा रंग न लावता कोऱ्याच सोडलेल्या असतात, कारण खालच्या कडेला रंगाचा हात मारायचा तर दार उतरवावं लागतं. उघड्या लाकडाने पाणी ओढलं की पल्ला खालून फुगतो आणि लॅमिनेट सुटायला लागतं. ऑइल पेंटचे दोन हात मारून घेतल्याशिवाय हे दार मान्य करू नका.

सात फुटी दाराला निदान तीन बिजागऱ्या हव्यात. स्क्रूची डोकी जवळून बघा. डोकं तिरकं किंवा खाच चेचलेली दिसली तर स्क्रू पिळून नव्हे, हातोडीने ठोकून बसवलाय. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो, आट्यांना पकडच मिळत नाही, आणि पल्ला हळूहळू झुकतो. हँडल धरून पल्ला वर उचला. बिजागरीपाशी हलला तर स्क्रू बदलून घ्या.

कपाटाच्या एका दाराची ऑटो बिजागरी (आतून बसणारी, दार आपोआप ओढून मिटणारी) मिस्त्रीला खोलायला सांगा. तिच्यासाठी पाडलेल्या ३५ मिमीच्या खड्ड्यात प्लायचा छेद उघडा दिसतो. थर सलग आणि एकमेकांना घट्ट हवेत. मध्ये काळी पोकळी दिसली तर आतला माल हलका आहे, वरचं लॅमिनेट कितीही भारी असो. सिंकखाली मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लाय) ठरला असेल आणि काम अजून चालू असेल, तर शीटवरच्या आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) च्या शिक्क्याचा फोटो आत्ताच काढा. लॅमिनेट चढल्यावर तो दिसणार नाही.

लॅमिनेटवर नाण्याने टकटक करत जा. पोकळ आवाज आला तिथे ते चिकटलेलं नाही. दाराच्या आतल्या बाजूलाही लाइनर लॅमिनेट, म्हणजे आतून लावायचं पातळ लॅमिनेट, हवंच. एकाच बाजूला लावलं तर पल्ल्याला बाक येतो, आणि उंच वॉर्डरोबमध्ये तो लवकर दिसतो. प्लायच्या कडेवर चिकटवलेल्या पट्टीच्या कोपऱ्याला नख लावून बघा, सुटायची ती तिथूनच. ट्रॉली भांडी भरून पूर्ण ओढा. रिकामी ट्रॉली सगळीच छान चालते.

सापडलेला प्रत्येक दोष फोटोसह बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला कारागिरीचा दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. स्वतः नेमलेल्या मिस्त्रीला हे लागू होत नाही. त्याच्याशी आधीच बोलून ठरवा आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.