बाबा गेले, पण हे रडलेच नाहीत

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ऑगस्टमध्ये सांगलीला माझे सासरे झोपेतच गेले. विमानानं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून चुलत दिरांनी अग्नी दिला. तिकडे सकाळचे दहा, इकडे पहाटेचे साडेपाच. ह्यांनी ओट्याजवळ उभं राहून फोनवर सगळं पाहिलं. डोळ्यांत टिपूस नाही. पुढे सांगलीला जाऊन दहावा-तेरावा नीट पार पाडला, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिस. आता चार महिने झाले. रोज रात्री बाबांची पासबुकं आणि जमिनीचे कागद लावत बसतात. मी बाबांचा विषय काढला की "हाल न होता गेले, बरं झालं" म्हणून उठतात. मी रडायला लागले की खोलीबाहेर जातात. सासूबाई फोनवर रडल्या तर विचारतात, "बीपीची गोळी घेतलीस का?" परवा आमच्या नऊ वर्षांच्या मुलानं मला विचारलं, "बाबाला आजोबा आवडत नव्हते का?" ह्यांनी एकदा तरी मोकळेपणानं रडावं, यासाठी मी काय करू?

उत्तर: ताई, आधी मुलाचं बघू, कारण तो फार दिवस वाट बघत बसणार नाही. मोठ्यांनी सांगितलं नाही की मुलं आपापला अर्थ लावून मोकळी होतात, आणि त्यानं लावायला सुरुवात केली आहे. त्याला सरळ सांगा: "बाबाला आजोबा खूप आवडायचे. त्याला फार वाईट वाटतंय, पण ते बोलून दाखवायला जमत नाही. तुला रडू आलं तर रड. आजोबांबद्दल बाबाला काही विचारावंसं वाटलं तर विचार." सांगण्याआधी त्याचा प्रश्न नवऱ्याच्या कानावर घाला, पण एकांतात आणि तक्रारीचा सूर न लावता. "बघ, पोरगंसुद्धा विचारायला लागलं" अशी सुरुवात झाली तर तो आणखी मिटेल.

आता नवऱ्याचं. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दगडाच्या काळजाचा माणूस कुठे दिसत नाही. दिसतो तो असा मुलगा, ज्यानं लहानपणी कधीतरी ठरवून टाकलं की आपलं रडणं घरात कुणाला झेपत नाही. आपल्याकडे हे काही वेगळं शिकवावं लागत नाही. पडला तर "काय झालं नाही, ऊठ", रडला तर "पोरींसारखा रडतोस काय", आणि घरात कुणी गेलं की अंगणात जमलेला प्रत्येक काका खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आता तूच सगळ्यांना आधार. मन घट्ट कर." तेराव्यापर्यंत हे वाक्य त्यानं किती तोंडांतून ऐकलं असेल, याचा विचार करा.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत वर्षभराच्या बाळांचं एक निरीक्षण केलं होतं. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची. बहुतेक बाळं अस्वस्थ व्हायची, परत आलेल्या आईला बिलगायची. काही मात्र रडायची नाहीत, आई आली तरी तोंड फिरवून खेळण्यात गुंतलेली राहायची. शहाणी, स्वावलंबी बाळं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण १९७७ साली अ‍ॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा तेही वाढलेलेच निघाले. पुढे १९९३ मध्ये जर्मनीत लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तपासलं गेलं, आणि न रडणाऱ्या बाळांच्या शरीरातही ताण स्पष्ट दिसला. पहाटे साडेपाचला ओट्याजवळ उभा असलेला तुमचा नवरा मला या बाळांपेक्षा वेगळा वाटत नाही. त्याला जाणवत होतंच. फक्त ते कुणाकडे घेऊन जायचं, याची सवय त्याला लागलेली नाही.

तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही रोज त्याचे डोळे तपासत बसाल. जो रडला नाही तो आतून कुढतोच आहे, असं दर वेळी नसतं. जॉर्ज बोनॅनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात पुष्कळ जण फारसं न कोसळता सावरले, आणि दाबलेलं दुःख पुढे उशिरा उसळून आलं असंही क्वचितच दिसलं. शिवाय रडलं की बरं वाटतंच, हेही खरं नाही. नेदरलंड्सचे अ‍ॅड व्हिंगरहुट्स यांनी अनेक वर्षं रडण्याचाच अभ्यास केला. रडून हलकं वाटणं हे बरंचसं त्या वेळी जवळ कोण आहे आणि ते कसं वागतं यावर अवलंबून असतं, असं त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसतं. म्हणून त्याला रडवायचा प्रयत्न सोडून द्या. जुन्या फोटोंचा व्हिडिओ लावून त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. "मनात साठवून ठेवलंस तर हार्ट अ‍ॅटॅक येईल" असलं काही बोलू नका.

मग करायचं काय? मला ती पासबुकं महत्त्वाची वाटतात. तुम्हाला तो हिशेबात लपलाय असं वाटतं, आणि थोडं तसं असेलही. पण मला वाटतं, हेच त्याचं शोक करणं आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं, यासाठी प्रत्येक कागद त्याच्या हातात येतो आणि त्यावर वडिलांचं अक्षर असतं. कुठे पेन्सिलीनं केलेली बेरीज, कुठे पाकिटामागे लिहिलेला विम्याचा हप्ता. तो रोज रात्री दोन तास वडिलांसोबत बसतोय. तुम्हीही तिथे बसा. समोर नको, शेजारी. चहा ठेवा, कागद लावायला मदत करा. डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की असा माणूस जास्त बोलतो. गाडी चालवताना, भांडी पुसताना, हातात काहीतरी काम असताना.

विचारायचं झालं तर "तुला काय वाटतंय?" हे विचारू नका. त्याचं उत्तर त्यालाच माहीत नसेल. एखादी धरता येईल अशी गोष्ट विचारा. "ही बँक बाबांच्या ऑफिसजवळची का?" "हा हप्ता कशाचा भरत होते?" तो दोन वाक्यं बोलेल आणि थांबेल. थांबू द्या. लगेच जवळ घेऊन "बोल, बोल" म्हणू नका. आज दोन वाक्यं बोलून काही बिघडलं नाही, हे त्याला अनुभवाला आलं तर उद्या चार येतील. आणि डोळे भरून आलेच, तर टिशूचा डबा घेऊन धावू नका. हातातला कागद हातात ठेवून तिथेच बसून राहा.

तो "गेलेल्याचा शोक करू नये, असं शास्त्रच सांगतं" असं म्हणणाऱ्यांतला असेल, तर वाद घालू नका. एवढंच आठवण करून द्या की आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथांसारख्या गुरूचाही बांध फुटला, आणि नामदेवांनी ते अभंगांत लिहून ठेवलं.

तुमचंही एक आहे, जे पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय. तुम्ही रडलात की तो बाहेर जातो. सासरे तुमचेही होते. त्याला जमत नाही म्हणून तुम्ही बाथरूमचा नळ सोडून रडायचं, असं होऊ देऊ नका. एखाद्या शांत दिवशी सांगा: "मी रडते तेव्हा तू काही करायचं नाहीयेस, मला गप्पही करायचं नाहीये. नुसता बस. नाहीच जमलं तर 'पाच मिनिटांत येतो' म्हणून जा, पण परत ये." बाकीचं रडणं नणंदेशी, सासूबाईंशी, तुमच्या बहिणीशी वाटून घ्या. सासूबाईंनाही सांगा की गोळीची चौकशी ही त्याची माया आहे. त्या आई आहेत, त्यांना कळेल.

चार महिने फार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही शोक लांबल्याचं निदान सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. पण झोप पार उडाली, दारू वाढली, मुलावर खेकसणं रोजचं झालं, छातीत दुखतंय म्हणू लागला, तर थांबू नका. छातीच्या दुखण्याला आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेकडे जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, आणि जवळचं माणूस गेलेल्यांसाठी क्रूझ ही संस्था आहे. इंग्रजीत हे बोलणं त्याला परकं वाटलं तर पुण्या-मुंबईतले समुपदेशक व्हिडिओवर मराठीत भेटतात. तिकडची दुपार तुमच्या सकाळी येते, वेळ जुळवणं अवघड नाही. जगण्यातच अर्थ नाही असं काही त्याच्या तोंडून आलं, तर त्याच क्षणी समॅरिटन्स या मदतवाहिनीला ११६ १२३ वर फोन लावा, आणि जिवाला धोका वाटला तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर.

आणि पुढच्या ऑगस्टमधल्या वर्षश्राद्धाची तिकिटं आत्ताच बघायला घ्या. अग्नी देता आला नाही, हे त्याला सलत असणार, तो म्हणो न म्हणो. या वेळी त्याला आठवडाभर आधी पोचू द्या आणि कृष्णेच्या घाटावर कुणासोबत जायचं, की एकट्यानं जायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. मुलाला यायचं असेल तर न्या.