साहेब सांगतात म्हणून मुलाने मागच्या तारखेची सही करावी का?

प्रश्न : मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. मुलाने ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. औषध कंपनीत क्यूसीला (औषधं तपासणाऱ्या विभागात) लागून आठ महिने झाले. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. कंपनीत मोठं ऑडिट येणार आहे. स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध किती काळ टिकतं हे बघण्याच्या, काही तपासण्या वेळेत झाल्या नव्हत्या. त्या आता उरकून कागदावर मागची तारीख टाका, असं त्याच्या साहेबांनी सांगितलं. एकदा त्याने तसं केलं. आता पुन्हा सांगितलंय, तर हा म्हणतो नोकरीच सोडतो. मी म्हटलं, साहेब सांगतात तर तुझं काय जातं? गोळी चांगलीच आहे, फक्त तारखेचा प्रश्न आहे. सगळीकडे असंच चालतं. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. त्याला कसं समजवावं? धाकटी बारावीला आहे. तिला फार्मसीला घालायचं ठरवलं होतं, आता घालावं की नाही?

उत्तर : नमस्कार.

सही करायला नकार देण्यात तुमच्या मुलाचं काहीही चुकत नाही, हे आधी सांगतो. रागाच्या भरात राजीनामा टाकणं मात्र त्याच्या हिताचं नाही. या दोन गोष्टी घरात एकत्र झाल्यात, म्हणून बोलणं तुटलंय.

आधी तारखेचं बोलू. ‘फक्त तारखेचा प्रश्न आहे’ असं तुम्ही लिहिलंत. स्टॅबिलिटीच्या कामात तारीख हाच मुख्य माल असतो. गोळीच्या पाकिटावर एक्स्पायरी छापलेली असते, ती कुठून येते? कंपनी काही गोळ्या ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या चेंबरमध्ये ठेवते. लवकर निकाल हवा असेल तर 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रता. तिथून ठरलेल्या महिन्यांना सॅम्पल काढायचं आणि औषध किती टक्के शिल्लक आहे, त्यातून नको ते पदार्थ किती तयार झाले, हे एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचं. त्या आकड्यांवरून ठरतं की गोळी दोन वर्षं टिकते की तीन. आता सहाव्या महिन्याचं सॅम्पल आठव्या महिन्यात तपासलं आणि कागदावर सहावा महिना लिहिला, तर तो आकडा कशाचा? गोळी चांगली असेलही. पण ती चांगली आहे असं म्हणायला जो पुरावा लागतो, तोच खोटा झाला. सोलापूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात एखाद्या मेडिकलच्या फळीवर पडून असलेलं पाकीट घेणारी आजी त्या छापील तारखेवरच विश्वास ठेवते. तिच्याकडे दुसरं काही साधन नाही.

तुम्ही आयुष्यभर वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिलंत. वाटेत तपासणी पथक गाडीत चढलं आणि वेबिल, तिकिटं आणि पैसे यांचा मेळ बसला नाही, तर जाब कोणाला विचारत होते? डेपो मॅनेजरने तोंडी काय सांगितलं होतं ते कोणी ऐकून घेतलं असतं का? प्रयोगशाळेतही हाच हिशेब आहे. नोंदीखाली ‘तपासणारा’ म्हणून ज्याची सही, जबाबदारी त्याची. साहेबांनी तोंडी सांगितलेलं कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

शिवाय आता हे लपतही नाही. एचपीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो. कोणी लॉगिन केलं, यंत्रात सॅम्पल कधी सोडलं, कुठला निकाल पुन्हा प्रोसेस केला, हे सगळं मिनिटासकट साठतं. ऑडिटर लॉगबुक (हाताने लिहिलेली नोंदवही) एका हातात धरतात आणि संगणकावरची वेळ दुसरीकडे बघतात. चेंबर उघडल्याची नोंद, वजनकाट्याची प्रिंट, गेटवरची हजेरी यांपैकी एक जरी जुळलं नाही तरी धागा सापडतो. मुलगा त्या दिवशी रजेवर होता आणि सही त्याच दिवशीची आहे, अशी प्रकरणं या क्षेत्रात नवी नाहीत.

‘सगळीकडे असंच चालतं’ हे वाक्य मी पालकांच्या तोंडून फार ऐकतो, आणि मला त्याची काळजी वाटते. रॅनबॅक्सीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. देशातली अव्वल औषध कंपनी होती. तिथे दिनेश ठाकूर नावाच्या अधिकाऱ्याला वरिष्ठांनी माहितीची तपासणी करायला सांगितली, तेव्हा परवानगीसाठी सादर केलेल्या कागदांत खोटे आकडे सापडले. ठाकूर यांनी 2005 मध्ये कंपनी सोडली आणि प्रकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनापर्यंत गेलं. 2013 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं. त्या खोट्या आकड्यांमध्ये स्टॅबिलिटीचे आकडेही होते.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेन्टिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादारापासून रुग्णालय आणि औषध प्रशासनातल्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे दोष समोर आले. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या सिरपने गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्या सिरपमध्येही तेच रसायन सापडलं. तुमच्या मुलाच्या कंपनीत असं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘कागदच तर आहे’ म्हणणारी माणसं एकामागोमाग एक वाढत गेली की मधली प्रत्येक चाळणी फुटत जाते, आणि शेवटी ते औषध कोणाच्या तरी लेकराच्या चमच्यात येतं. तुमचा मुलगा त्यातली एक चाळणी आहे. तो अडतोय, हे त्याच्या शिक्षणाचं चीज आहे.

आता त्याने करायचं काय.

तपासणी उशिरा होणं हा गुन्हा नाही. मशीन बंद पडतं, यंत्राला लागणारा कॉलम वेळेवर येत नाही, माणसं कमी असतात. त्यासाठी प्रत्येक कंपनीत डेव्हिएशनची, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं झालेलं लेखी मांडण्याची, पद्धत असते. उशीर झाला, अमुक कारणाने झाला, तपासणी आजच्या तारखेला केली, आणि उशिराचा निकालावर काय परिणाम होतो हे क्यूएने (गुणवत्तेची हमी घेणाऱ्या विभागाने) पाहिलं, अशी नोंद करायची. ऑडिटर त्यावर शेरा मारेल, कंपनी उत्तर देईल आणि काम पुढे जाईल. मागची तारीख सापडली तर मात्र ऑडिटर त्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवत नाही. म्हणजे डेव्हिएशन टाकण्यातच साहेबांचाही बचाव आहे, आणि मुलाने बोलताना हेच पुढे करावं. ‘हे चूक आहे, मी करणार नाही’ असं सगळ्यांसमोर म्हटलं की साहेबांचा अहंकार मध्ये येतो. त्याऐवजी केबिनमध्ये जाऊन शांतपणे म्हणावं, ‘सर, ऑडिट ट्रेलमध्ये आजची वेळ पडणार, लॉगबुकशी जुळणार नाही. मी आजच काम पूर्ण करतो, आजच्या तारखेने एंट्री करतो आणि डेव्हिएशन लिहून आणतो, तुम्ही बघून घ्या.’ कामाला नकार नाही, जास्तीचं काम अंगावर घेतो आहे, आणि सही तेवढी खरी ठेवतो आहे. पुष्कळ साहेब इथे नरमतात, कारण त्यांच्यावरही वरून दाब असतो. नंतर कंपनीच्या मेलवर दोन ओळी पाठवाव्यात : आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक सॅम्पलचं काम आजच्या तारखेने करून डेव्हिएशन देत आहे.

एकदा सही झालीय, त्याचं काय? मला वाटतं मुलाच्या मनाला खरं टोचतंय ते हेच. ती नोंद खोडू नये, पान बदलू नये, शाईने गिरवू तर अजिबात नये. एक लपवायला दुसरं केलं की मग सुटका नाही. ऑडिटच्या आधी त्याने क्यूए प्रमुखांना भेटून सांगावं की ही नोंद प्रत्यक्ष कामाच्या तारखेची नाही, ती रीतसर दुरुस्त करायची आहे, आणि तेही मेलवर टाकावं. यात जोखीम आहे, हे मी लपवणार नाही. मेमो मिळू शकतो, कन्फर्मेशन लांबू शकतं. पण आठ महिन्यांच्या उमेदवाराने स्वतःहून सांगितलेली चूक आणि ऑडिटरने पकडलेली चूक यांची किंमत फार वेगळी असते.

स्वतःच्या डायरीत तारीखवार लिहून ठेवावं : कोणी काय सांगितलं, मी काय उत्तर दिलं. मात्र लॉगबुकचे फोटो काढून घरी आणणं, मित्रांच्या व्हॉट्सॲपवर टाकणं, डेटा पेनड्राइव्हवर घेणं यांतलं काहीही करू नये. गोपनीयतेचा भंग म्हणून तोच अडकेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर 2013 च्या कंपनी कायद्यानुसार तक्रारीसाठी व्हिजिल यंत्रणा ठेवणं तिला बंधनकारक आहे. एचआरच्या कागदांत ती माहिती असते. छोट्या खासगी कंपनीत असं काही नसण्याचीच शक्यता जास्त. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा 2014 चा कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी नोकरीतल्या पोराला त्याची ढाल मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी बाहेर तक्रार कर, असं मी त्याला सांगणार नाही. एक गोष्ट मात्र वेगळी. नापास झालेली बॅच पास दाखवायला सांगितली, किंवा कच्च्या मालाची तपासणी न करताच निकाल लिहायला सांगितला, तर तिथे गप्प बसण्याची मुभा कोणालाच नाही. मग जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे (औषधे) जावं लागतं, आणि त्या वेळी तुम्ही त्याच्याबरोबर असायला हवं.

बोलून, लिहूनही तोच दबाव राहिला तर नोकरी बदलावी, पण दुसरी हातात घेऊन. नोटीस पिरियड पूर्ण करावा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र घ्यावं. तोवर कर्जाचे दोन-तीन हप्ते बाजूला काढून ठेवा. मध्ये खंड पडलाच तर हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर नको. तारापूर, अंबरनाथ, वाळूज, कुरकुंभ, तिकडे गोव्यात वेर्णा, सगळीकडे औषध कारखाने आहेत आणि एचपीएलसीवर हात बसलेल्या मुलाला विचारणा असते. क्यूसीच्या मुलाखतीत डेटा इंटिग्रिटीवर (नोंदींच्या खरेपणावर) प्रश्न येतोच. त्याने आधीच्या कंपनीची निंदा न करता एवढंच सांगावं की उशिरा झालेल्या कामाची नोंद मी कशी करतो, डेव्हिएशन कसं लिहितो. चांगल्या क्यूए प्रमुखाला तेवढ्यावरून माणूस कळतो.

अजून एक, कारण पालकांना हे सहसा कोणी सांगत नाही. औषध कारखान्याला परवाना देताना तपासणीचं काम कोण करणार, त्या माणसाची पात्रता आणि अनुभव औषध प्रशासन पाहतं. आपल्याकडच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्हड् केमिस्ट’ म्हणून मागणी असते ती यासाठी. ती मान्यता मिळाली की पगार आणि पद दोन्ही बदलतं. तुमचा मुलगा त्या वाटेवर आहे. त्याचं नाव हेच पुढे त्याचं भांडवल आहे आणि ते आज एका ऑडिटसाठी मोडायला लावू नका. 28 डिसेंबर 2023 ला केंद्राने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधं बनवण्याची नियमावली, काढलं. त्यामुळे छोट्या कारखान्यांनाही नोंदींच्या बाबतीत कडक व्हावं लागतंय. नीट नोंद ठेवणाऱ्या माणसाची गरज पुढे वाढणारच आहे.

त्याच्याशी बोलताना समजावायला जाऊ नका. त्या दिवशी नेमकं काय झालं ते त्याला पहिल्यापासून सांगू द्या आणि मध्ये हप्त्याचा विषय काढू नका. तुम्ही वेबिलाबद्दल, तपासणीबद्दल तुमचे अनुभव त्याला कधी सांगितले आहेत का? नसतील तर सांगा. सचोटीच्या नोकरीत काय काय सोसावं लागतं हे त्याला तुमच्याइतकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

धाकटीला फार्मसीची आवड असेल तर जरूर घाला. बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी द्यावी लागेल, पीसीबी किंवा पीसीएम कुठलाही ग्रुप चालतो. कॅप राउंडचे (प्रवेशफेरीचे) पर्याय भरण्याआधी त्या कॉलेजला फार्मसी कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात फी विचारून परत फिरू नका. इन्स्ट्रुमेंट रूम उघडायला सांगा, एचपीएलसीचं लॉगबुक मागा आणि शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा. मुलाला बरोबर न्या, त्याला ते दोन मिनिटांत वाचता येईल.