शॉटमधल्या माणसाला जरा थांबू दे

प्रिय दोस्ता,

तुझा बसस्टॉपचा थ्रीडी ॲनिमेशनचा शॉट मिळाला. (आणि ते मॅडम-बिडम सोड, ताई म्हण, क्लासमध्ये एक दिवस येऊन बोलून गेलं म्हणून कोणी लगेच मॅडम होत नाही.) मोबाइलवर उत्तर टाइप करायला घेतलं तर ते फारच लांबत चाललं, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. निवांत वाच, शॉट बाजूला उघडा ठेवून वाच.

आधी चांगलं ते सांगते. आयडिया मस्त आहे. स्वारगेटला उभा असलेला कुठलाही माणूस हा प्रसंग ओळखेल, बस लांबून दिसते, हा खुश होतो, पुढे यायला डबक्यावरून उडी मारतो आणि ड्रायव्हर न थांबता निघून जातो. दहा सेकंदांत गोष्ट संपली, डायलॉग नाही, कॅरेक्टर एकच. बाकीची पोरं पहिल्याच शॉटला तलवारबाजी नाहीतर पार्कोर घेऊन बसतात आणि मग तीन महिने त्यातच अडकतात, तू ते केलं नाहीस हे फार बरं केलंस.

आता प्रॉब्लेम. तुझा माणूस एक क्षण शांत उभा राहत नाही. २४० फ्रेम्स (सेकंदाला २४ चित्रं) आहेत आणि २४० फ्रेम्समध्ये त्याचं काही ना काही चालूच आहे, हात हलतोय, मान हलतेय, कंबर डुलतेय, खांद्यावरची बॅगसुद्धा कारण नसताना झुलतेय. असं का होतं ते मला माहितीये. टाइमलाइनवर मोकळी जागा दिसली की हात शिवशिवायला लागतात, वाटतं इथे ‘की’ (त्या फ्रेमला पोझ पक्की करणारी खूण) नाही म्हणजे इथे मी काम केलं नाही, सर विचारतील. पण बघणाऱ्याला कळतच नाही नजर कुठे ठेवायची. बस निघून गेल्यानंतरचा जो क्षण आहे, ज्याच्यासाठी तू आख्खा शॉट रचलास, तोच या हलण्याच्या गर्दीत सापडत नाहीये.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की काय हलवायचं याच्या आधी काय हलवायचं नाही ते ठरव.

तुझ्या शॉटमध्ये विचार तीनच आहेत बघ. ‘आली!’, मग ‘अरे थांब ना’, मग ‘गेली’. एका विचारातून दुसऱ्यात जाताना शरीर हलेल, जोरात हलेल, पण तो विचार डोक्यात असेपर्यंत माणूस साधारण एका पोझमध्ये असतो. म्हणजे तीन मुख्य पोझेस, आणि त्या इतक्या स्पष्ट हव्यात की कॅरेक्टर सगळा काळा केला, नुसती सिलुएट ठेवली तरी कळलं पाहिजे की याची बस गेली. आत्ता तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पोझमध्ये फरकच नाहीये, दोन्हीत हात पुढे, पाठ वाकलेली. शिवाय दोन्ही हात एकाच वेळी, एकाच उंचीला, आरशात बघितल्यासारखे. एक हात बॅगेच्या पट्ट्यावर राहू दे ना. तो हात शेवटपर्यंत तिथेच राहिला तरी चालेल, उलट मग दुसऱ्या हाताला किंमत येईल.

आता तू म्हणशील की थांबवलं की कॅरेक्टर मेल्यासारखा दिसतो. बरोबर, दिसतो. हा प्रॉब्लेम थ्रीडीचाच आहे आणि जुना आहे. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच ड्रॉइंग बराच वेळ धरून ठेवलं तरी खपून जातं, कॉम्प्युटरवर तेच केलं की जीव गेलेला लगेच कळतो. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं छापली (तुमच्या क्लासच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे, मी बघितलं), ती कॉम्प्युटरवर कशी लावायची याच्यावर पिक्सारच्या जॉन लॅसेटरने १९८७ मध्ये सिगग्राफला (कॉम्प्युटर ग्राफिक्सची परिषद) एक पेपर मांडला होता, त्यात नेमकं हेच आलंय, आणि उपाय पण दिलाय, मूव्हिंग होल्ड. म्हणजे पोझ तीच, पण अगदी थोडी अजून आत जात राहते. करायला सोपं आहे. पोझची की घे, पंधरा-वीस फ्रेम पुढे कॉपी कर, आणि त्या दुसऱ्या कीवर तीच पोझ किंचित वाढव. खांदे पडलेत ना, अजून जरासे पडू दे. मान गेलीये पुढे, अजून केसभर जाऊ दे. छाती श्वासाने हलेल तेवढीच. प्ले केल्यावर हे हलणं वेगळं असं दिसायला नको, फक्त मेल्यासारखं वाटायला नको. आणि टँजंट (कीपाशी हालचालीच्या कर्व्हला मिळणारं वळण) बघ नीट, नाहीतर सॉफ्टवेअर त्याच्या मनाने दोन कीजच्या मध्ये पोझ भलतीकडे नेऊन आणतं आणि आपण त्यालाच ॲक्टिंग समजत बसतो.

बस गेल्यानंतर तर मी म्हणेन निदान ३० फ्रेम शरीराला हातच लावू नकोस, फक्त डोळे. डोळे बसच्या मागे मागे जाऊ देत, चालत्या बसवर नजर आहे तोपर्यंत ते गुळगुळीत सरकतील, पण बस दिसेनाशी झाली की माणसाचे डोळे टप्प्याटप्प्याने उड्या मारतात, एक उडी दोन-तीन फ्रेमची, मग थोडं थांबणं, मग पुढची. मान वळायच्या दोन-चार फ्रेम आधी डोळे निघायला हवेत, तुझ्याकडे मान आणि डोळे एकाच फ्रेमला सुटतात म्हणून तो यंत्र वाटतो. आणि पापणी दर ठराविक वेळाने लवतेय, ती सगळी काढून टाक आणि विचार बदलतो तिथे एकेकच ठेव.

उडीचं थोडं गणित सांगते, कंटाळू नकोस, कारण हे एकदा कळलं की आयुष्यभर कामाला येतं. तुझा माणूस २० फ्रेम हवेत आहे. २४ च्या स्पीडने, म्हणजे दहा फ्रेम वर आणि दहा फ्रेम खाली. गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने तेवढा वेळ हवेत राहायचं तर त्याने जवळजवळ पावणेतीन फूट उंच जायला पाहिजे, आणि तू त्याला उचललायस वीतभर. म्हणून तो स्वारगेटला नाही, चंद्रावर उडी मारतोय असं वाटतं. साधी फूटभर उंच उडी १२ फ्रेममध्ये आटपते. वीतभर हवी असेल तर आणखी कमी, नऊ-दहा. कार्टूनी स्टाइल असेल तर हे मोडायला हरकत नाही, पण आपण मोडतोय हे माहीत असून मोड. उडीच्या आधी बसण्यात आणि पाय टेकल्यावर सावरण्यात जास्त फ्रेम घाल, वजन तिथे दिसतं, हवेत नाही.

वजनावरून आठवलं, मार्केट यार्डात सकाळी लवकर जाऊन उभा राहा एकदा. पोतं उचलायच्या आधी हमाल काय करतो ते बघ. आधी पाय रोवतो, हात लावतो, आणि एक क्षण काहीच करत नाही. नवीन पोरं तो क्षण टाकतात आणि मग पोतं थर्माकोलचं वाटतं. तसंच ढोल पथकाचं. गणपतीच्या आधी नदीकाठी प्रॅक्टिस चालू असते तेव्हा सगळेजण वाजवणाऱ्यांकडे बघतात, तू जेव्हा नुसता ताशा चालू असतो आणि ढोलवाले थांबलेले असतात तेव्हा बघ. कमरेला एवढं वजन बांधलेलं, त्यामुळे पाठ मागे, पोट पुढे, गुडघे जरा सैल, हात टिपरूवर तयार. कोणी हलत नाही पण ढोल जड आहे हे लांबून कळतं. ही पोझ मला कुठल्याच रिगवर (कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा) आयती मिळालेली नाही, बघूनच करावी लागते.

आणि नाटकं बघ रे. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका सुरू झाल्या की भरत नाट्य मंदिरात जाऊन बस, तुझ्याच वयाची कॉलेजची मुलं असतात. बोलणाऱ्याकडे बघूच नकोस. जो ऐकतोय त्याच्याकडे बघ. चांगला असेल तर तो जागचा हलणार नाही आणि तरी त्याचं काय चाललंय ते शेवटच्या रांगेत पोचेल, कच्चा असेल तर तो सदरा ओढत बसेल. तुझा माणूस सध्या सदरा ओढतोय.

रेफरन्स स्वतःचा शूट कर. अनोळखी लोकांचे व्हिडिओ काढत फिरू नकोस, ते बरं दिसत नाही आणि कोणीतरी एक दिवस कानाखाली वाजवेल. लोकांना बघायचं, घरी येऊन गच्चीवर मोबाइल लावायचा आणि आपण करायचं, लाज वाटली तरी. एक फसगत सांगून ठेवते, मोबाइल बहुतेक ३० फ्रेमने शूट करतो आणि तुझा सीन २४ वर आहे, तू जर व्हिडिओतल्या फ्रेम मोजून तशाच्या तशा टाकल्यास तर सगळं संथ होतं. मला दाट शंका आहे की तुझी उडी अशीच लांबली. आधी २४ ला कन्व्हर्ट कर किंवा ज्या ॲपमध्ये २४ सेट करता येतं ते वापर.

सॉफ्टवेअर कुठलं, माया की ब्लेंडर, हे विचारलं होतंस. क्लासमध्ये माया आहे तर मायात कर, घरच्या मशीनवर ब्लेंडर फुकट आहे, तिथे प्रॅक्टिस कर, कीज आणि कर्व्ह दोन्हीकडे सारखेच. यावर वाद घालणाऱ्या ग्रुपमध्ये वेळ घालवू नकोस.

नोकरीचं आईबाबांना टेन्शन आहे ते समजतं. कोर्सवाले मॉडेलिंगपासून कंपोझिटिंगपर्यंत सगळं थोडं थोडं शिकवतात, त्यात कॅरेक्टर ॲनिमेशनच्या वाट्याला काही आठवडे येतात, आणि त्यावर लगेच शोरील (आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ) करून लगेच ॲनिमेटर, असं पी हळद अन् हो गोरी होत नाही. रोटो (फ्रेममागून फ्रेम कडा कापणं) किंवा मॅचमूव्हचं (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल थ्रीडीत जुळवणं) काम आधी मिळालं तर घ्यायला हरकत नाही, पैसे सुरू होतात आणि स्टुडिओत डेडलाइन म्हणजे काय ते कळतं, पण रात्री तासभर स्वतःचा शॉट चालू ठेव, तो बंद पडला की मग तिथून बाहेर निघणं अवघड जातं, मी बघितलेत असे बरेच. रील मिनिटाच्या आत ठेव. गोल फिरणारा कॅमेरा लावलेला वॉक सायकल (कॅरेक्टरचं नुसतं चालणं) नको, तो सगळ्यांच्या रीलमध्ये असतो. हा बसस्टॉप नीट झाला तर हाच पहिला लाव.

तर आता काय करायचं. ही फाइल तशीच ठेव, सेव्ह ॲज करून सगळे कर्व्ह स्टेप्ड कर (म्हणजे एका पोझवरून थेट दुसरीवर, मधलं हलणं नाही), आणि तीन पोझ, उडीच्या चार-पाच पोझ आणि डोळे, एवढंच ठेवून बाकीच्या कीज डिलीट कर. जीवावर येईल, माहितीये. शनिवारपर्यंत प्लेब्लास्ट (शॉटचा झटपट व्हिडिओ) पाठव, कोपऱ्यात फ्रेम नंबर दिसू दे म्हणजे मला बोट ठेवून सांगता येईल. स्प्लाइन केलेलं (मधलं हलणं भरलेलं) पाठवलंस तर उघडणार नाही.

तुझी,
ताई