जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीचे डोळे सतत फिरतात, व्यायामाने थांबतील का?

नाही थांबणार. भाचीला रोज अर्धा तास ‘नजर एका जागी धर’ म्हणून बसवता हे वाचलं आणि राहवलं नाही. ते आधी बंद करा.

मला जन्मापासून उजेड-अंधार एवढंच कळतं. माझेही डोळे फिरतात. दुखत नाही, मला जाणवतही नाही. लोकांनी सांगितलं म्हणून कळलं.

नवव्या वर्षी ओळखपत्राच्या फोटोला बसवलं होतं. फोटोवाला म्हणे, “इकडे बघ.” इकडे म्हणजे कुठे? आवाजाच्या दिशेने मान वळवली तर डोळे भलतीकडेच. बाबांनी मागून हनुवटी धरली, “मनावर घे, जमेल.” मी इतकं मनावर घेतलं की घामाने कॉलर भिजली, आणि डोळे आणखीच जोरात फिरायला लागले. ताण आला की ते वाढतंच. शेवटी फोटोवालाच कंटाळून म्हणाला, “राहू द्या की साहेब.” त्या फोटोत माझा एक डोळा कोपऱ्यात गेलाय म्हणतात.

बाबांना तेव्हा सांगता आलं नाही ते आता सांगतो. डोळा एका जागी धरून ठेवायचं काम मेंदूचा देठ आणि लहान मेंदू करतात, पण डोळा जरा सरकला हे त्यांना दिसण्यातूनच कळतं. वाद्य जुळवायला कान लागतो तसं. माझ्याकडे ते जुळवणं कधी झालंच नाही. मोठेपणी दृष्टी गेलेला माझा मित्र सांगितल्यावर डोळे डावीकडे वळवतो. मला ते कसं करतात हेच माहीत नाही. यात जिद्दीचा काय संबंध?

हां, भाचीला थोडंफार दिसत असेल आणि ती मान तिरकी करून बघत असेल तर मान सरळ करू नका. बहुधा त्या कोनात डोळे सर्वांत कमी हलतात. एकच डोळा हलत असेल किंवा हे अलीकडे अचानक सुरू झालं असेल तर मात्र माझं ऐकत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

काळ्या चष्म्याचंही विचारलंय. तिला हवा असेल तर द्या, पाहुण्यांना बघवत नाही म्हणून नको. बाबांनी मला आणलेला अजून डबीतच आहे.