मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोहोचेल?

चाकांचा, बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि सोबत दोन कॉर्डलेस माईक, एवढे सामान आता शाळेत, तालमीत, भजनी मंडळात, सगळीकडे दिसते. या वेळचे सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत बारा इंची ट्रॉली स्पीकर आहे. झेंडावंदनाला पटांगणात तीनशे मुले असतात. पुढची मुले कानावर हात ठेवतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला की माईक शिट्टी मारतो. जास्त वॅटचा स्पीकर घ्यावा का?
— शिक्षिका, करवीर तालुका

उत्तर : घेऊ नका. आहे तोच स्पीकर उंच ठेवा आणि मुलांची बैठक बदला.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचे एकक) उतरतो. पहिली रांग स्पीकरपासून 2 मीटरवर आणि शेवटची 32 मीटरवर असेल, तर मधले अंतर चार वेळा दुप्पट होते. म्हणजे पुढच्या आणि मागच्या मुलाच्या कानात 24 डेसिबलची तफावत पडते. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त 3 डेसिबल, आणि तेही दोघांना सारखेच. मागच्याला किंचित फायदा होतो, पुढच्याचे कान आणखी दुखतात. (स्पीकर कधी घ्यायची वेळ आलीच, तर खोक्यावरचे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारांतले आकडे सोडून द्या आणि आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा.)

मुले लांबच लांब उभ्या ओळींत न बसवता आडवी बसवा : तीस-तीसच्या दहा रांगा. रांगेमागे एक मीटर धरला तर खोली 10 मीटरच्या आसपास राहते. स्पीकर पहिल्या रांगेपासून 5 मीटर पुढे ठेवा. आता जवळचे मूल 5 मीटरवर आणि लांबचे 15 मीटरवर आले. तफावत 24 डेसिबलवरून 10 च्या आत आली, आणि खर्च शून्य.

दुसरी गोष्ट उंची. जमिनीवरच्या स्पीकरचा आवाज पुढच्या रांगाच अडवतात. त्यातही आधी अडतात ते तीव्र स्वर, आणि स, श, ट, क ही अक्षरे त्यांच्यावरच ओळखू येतात. म्हणून मागे नुसती घुमघुम जाते, शब्द जात नाही. वरचा छोटा हॉर्न, म्हणजे तीव्र स्वर काढणारा भोंगा, जमिनीपासून 2 मीटर ते सव्वादोन मीटरवर यायला हवा. बऱ्याच ट्रॉली स्पीकरच्या तळाला 35 मिलिमीटरच्या दांड्यासाठी भोक असते, त्यात तिपाई स्टँड बसतो. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, उंचीची खीळ घालायला विसरू नका आणि पायांवर वाळूची पिशवी टाका. एवढे वजन मुलांच्या जवळ उभे करायचे तर यात आळस चालणार नाही. स्टँड नसेल तर व्यासपीठावर भक्कम टेबल मांडा.

आता शिट्टी. स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. हे चक्र दोन ठिकाणी तोडता येते. पहिले ठिकाण म्हणजे जागा : बोलणारा नेहमी स्पीकरच्या मागे आणि दोन-तीन मीटर बाजूला उभा राहिला पाहिजे. मुख्याध्यापक स्पीकरसमोर उभे राहून बोलले तर कोणतेही बटण फिरवून उपयोग नाही. दुसरे ठिकाण म्हणजे माईकचे ओठांपासूनचे अंतर : 3 सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटे. तोच माईक 12 सेंटिमीटरवर, छातीशी धरला की आवाज 12 डेसिबलने पडतो, तो भरून काढायला कुणीतरी व्हॉल्यूम वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. पाहुण्यांना माईक देताना हे सांगायला संकोच करू नका. माईकची जाळी मुठीत धरू नये हेही सांगा. हातात धरायचा माईक मागून येणारा आवाज बऱ्याच अंशी नाकारतो, पण त्यासाठी जाळीची मागची बाजू उघडी लागते. ती झाकली की तो चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो.

बटणांचा क्रम असा ठेवा. इको शून्यावर, भाषणाला इको लागत नाही, मागच्या मुलांना शब्द न कळण्याचे ते एक मोठे कारण असते. बास (जाड स्वर) आणि ट्रेबल (तीव्र स्वर) मध्यावर, मास्टर (एकूण आवाजाचे बटण) निम्म्यावर. मग एकाने खऱ्या आवाजात बोलत राहायचे आणि दुसऱ्याने माईकचा व्हॉल्यूम हळूहळू चढवायचा. शिट्टीची चाहूल लागली की तिथून थोडे मागे या आणि पेनने खूण करून ठेवा. शिट्टी जाड, हुंकारासारखी असेल तर बास उतरवा. कानात टोचणारी असेल तर ट्रेबल.

स्पीकरचे तोंड शाळेच्या इमारतीकडे करू नका. भिंत 17 मीटरपेक्षा लांब असेल तर तिच्यावरून परतणारा शब्द वेगळा ऐकू येतो. 15 ऑगस्टला आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे जमल्यास स्पीकर पटांगणाच्या पश्चिम टोकाला, पूर्वेकडे तोंड करून ठेवा. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज लांबपर्यंत टिकतो.

प्रश्न : ग्रामसभेत मागे बसणाऱ्यांसाठी दुसरा स्पीकर वायरने जोडून 30 मीटरवर लावला. आता मागे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. वायर खराब आहे का?
— ग्रामपंचायत कर्मचारी, राधानगरी तालुका

उत्तर : वायर ठीक आहे. वायरमधून सिग्नल तत्काळ जातो, हवेतून आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पुढच्या स्पीकरचा शब्द 30 मीटरवर पोहोचायला सुमारे 90 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मागच्या स्पीकरने तोच शब्द उच्चारलेला असतो. उपाय म्हणजे मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर देणे, दर मीटरला 3 मिलिसेकंद. ही सोय लहान डिजिटल मिक्सरमध्ये (माईक आणि स्पीकर यांच्या मधे जोडायच्या यंत्रात) मिळते, साध्या ट्रॉली स्पीकरमध्ये सहसा नसते. ती नसेल तर दुसरा स्पीकर पुढे आणा. दोन्ही एकाच रेषेत, सभेच्या डाव्या-उजव्या बाजूला, किंचित आतल्या बाजूला वळवून ठेवा.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळाचे दोन कॉर्डलेस माईक आहेत. एकाचा आवाज मधेच तुटतो. शेजारच्या गल्लीत कार्यक्रम असला की तिथला आवाज आमच्या स्पीकरमधून येतो. तिसरा माईक घ्यायचा विचार आहे.
— मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शेजारचा आवाज येतो कारण त्यांचा माईक तुमच्याच फ्रीक्वेन्सीवर आहे. स्वस्त संचांत फ्रीक्वेन्सी कारखान्यातच ठरलेली असते, बदलता येत नाही. त्यामुळे एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन संच शेजारी-शेजारी भांडतात. नवा संच घेताना चॅनेल बदलता येणारा यूएचएफ (अल्ट्रा हाय फ्रीक्वेन्सी) घ्या. कार्यक्रमाआधी आपले सगळे माईक बंद ठेवून फक्त रिसीव्हर, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणारा डबा, चालू करा. सिग्नलचा दिवा लागला किंवा खरखर आली, तर तो चॅनेल कुणीतरी वापरतोय, तो सोडा.

तीन माईक वापरताना फ्रीक्वेन्सीत सारखे अंतर ठेवू नका. 640, 641 आणि 642 मेगाहर्ट्झ घेतले तर पहिले दोन मिळून तिसऱ्यावरच गोंधळ घालतात, कारण 641 ची दुप्पट वजा 640 म्हणजे 642. त्याऐवजी 640, 641.2 आणि 643.7 असे विषम अंतर घ्या.

माईकचा आवाज तुटण्याचे पहिले संशयित म्हणजे सेल. कार्यक्रमाला नवे अल्कलाईन सेल घाला, जुना आणि नवा मिसळू नका. दुसरे कारण माणसांचे शरीर. रिसीव्हर जमिनीवर, पेटीवाल्यांच्या पाठीमागे असेल तर माईक आणि एरियल यांच्यामध्ये माणसे येतात, आणि शरीरातले पाणी लहरी शोषून घेते. 2.4 गिगाहर्ट्झच्या माईकला हा त्रास जास्त होतो. रिसीव्हर डोक्यांच्या उंचीवर, लोखंडी कपाटापासून लांब, माईकवरून दिसेल असा ठेवा. एरियल दोन असतील तर इंग्रजी व्हीसारखे फाकवा. गाताना माईकच्या शेपटाशी हात धरण्याची सवय असेल तर तीही सोडा, बहुतेक माईकचे एरियल तिथेच आत असते.

प्रश्न : कॉर्डलेस माईकऐवजी मोबाईल ब्लूटूथने जोडून त्यावर बोलता येईल का?
— इचलकरंजी

उत्तर : गाणी लावायला ब्लूटूथ चांगले, बोलायला नाही. आवाज बहुधा 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा निघतो. स्वतःचेच शब्द मागाहून कानावर आल्याने बोलणारा अडखळतो.

प्रश्न : गणेशोत्सवानंतर स्पीकर माळ्यावर ठेवला होता. शिवजयंतीला काढला तर रात्रभर चार्ज करूनही अर्ध्या तासात बंद पडला. पूर्वी चार-पाच तास चालायचा.
— तालीम मंडळाचे कार्यकर्ते, शिवाजी पेठ

उत्तर : आत बहुधा 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आहे. विसर्जनाला ती उतरली, तशीच माळ्यावर गेली आणि पाच महिने रिकामी राहिली. अशा अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. ते नंतरच्या चार्जिंगने फारसे निघत नाहीत.

मल्टिमीटरने खात्री करा. पूर्ण चार्ज करून चार्जर काढा, काही तास थांबा. चांगली बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.7 दाखवूनही वापरताना लगेच 11 च्या खाली घसरत असेल, तर ती बदला. बदलताना त्याच व्होल्टची, त्याच मापाची घ्या. लाल वायर अधिकला, काळी उणेला. उलटी लागली तर निदान फ्यूज जातो, कधी बोर्डही. हलकी म्हणून लिथियम घालायचा मोह होईल, पण जुना चार्जर लेड-ॲसिडसाठी बनवलेला असतो, त्यावर लिथियम लावू नका.

नवी बॅटरी कार्यक्रम संपला की त्याच रात्री चार्जिंगला लावा, पूर्ण भरल्यावरच ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. माळ्यावर पत्रा तापत असेल तर जागाही बदला, उष्णता तिचे आयुष्य खाते. माईकमधले सेल काढून ठेवा, गळाले तर स्प्रिंग गंजते.

प्रश्न : कॉलनीत नवरात्रात आरतीसाठी हा छोटा स्पीकर लावला तर परवानगी लागते का?
— राजारामपुरी

उत्तर : लागते. ध्वनी प्रदूषण नियम 2000 स्पीकरचा आकार पाहत नाहीत. लाऊडस्पीकरसाठी लेखी परवानगी हवी, त्यासाठी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज करा. रात्री 10 ते सकाळी 6 सार्वजनिक जागी बंदी आहे; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, ते दिवस आधी तपासा. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकते. स्पीकरचे तोंड मंडपाच्या आतल्या बाजूला करा आणि बास उतरवा. भिंतीपलीकडे सर्वांत जास्त जातो तो बासच.

प्रश्न : पन्हाळ्यावर पर्यटकांना माहिती देताना कमरेचा स्पीकर आणि डोक्यावरचा माईक वापरतो. वाऱ्यात फरफर येते, अंबरखान्यात काहीच कळत नाही, आणि पावसात माईक बंद पडतो.
— गाईड, पन्हाळा

उत्तर : माईकचे टोक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर हवे, समोर धरले की प, फ, भ म्हणताना हवा थेट आदळते. त्यावर स्पंजची टोपी हवीच. सज्जाकोठीसारख्या वाऱ्याच्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. स्पीकर पोटावर न ठेवता कमरेच्या बाजूला सरकवा. हे माईक सहसा सगळ्या बाजूंचा आवाज घेतात, त्यामुळे स्पीकर हनुवटीखाली आला की शिट्टी लवकर येते.

अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठ्यांत आवाज वाढवून भागणार नाही. दगडी भिंती आणि कमानी आवाज शोषत नाहीत, एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर चढतो. सगळी माहिती बाहेर सांगा. आत गेल्यावर स्पीकर बंद करा, लोकांना जवळ बोलवा आणि सावकाश, वाक्यावाक्याला थांबत बोला.

पावसात स्पीकरवर प्लॅस्टिक बांधताना जाळी मोकळी ठेवा आणि वरून छत्री धरा. भिजलाच तर लगेच बंद करा, सेल निघत असतील तर काढा, स्पंजची टोपी वेगळी पिळून वाळवा. संच पंख्याखाली निदान एक दिवस ठेवा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नका, माईकचा पातळ पडदा त्याने बिघडतो. चार्जिंगच्या भोकातला ओलावा पूर्ण जाईपर्यंत चार्जर लावू नका.