नुवोलारी, १९३५ आणि तो फुटलेला टायर

तुमचे प्रश्न दोन आहेत. १९३५ ची जर्मन ग्रां प्री इटलीचा शर्यतपटू नुवोलारीने जिंकली ती मर्सिडीजच्या फोन ब्राउखिट्शचा टायर शेवटच्या फेरीत फुटला म्हणून, मग त्यात मोठेपणा कसला? आणि १९३० च्या मिल्ले मिल्यात गाडीचे दिवे मालवून प्रतिस्पर्धी वार्त्सीला नकळत गाठल्याची गोष्ट खरी की थाप? दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो. (नुवोलारीच्या पहिल्या नावाचा इटालियन उच्चार तात्सियो. आपल्याकडे ताझिओ लिहितात, तेही चालतं.)

मिल्ले मिल्या म्हणजे ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशिया, सोळाशे किलोमीटरच्या वर, रोजच्या वापरातल्या रस्त्यांवरून. गाड्या एकदम सुटत नसत, ठराविक अंतराने एकेक सोडत. अकिल्ले वार्त्सी नुवोलारीच्या दहा मिनिटं आधी सुटला होता. हा एक आकडा लक्षात घेतला की अर्धी दंतकथा गळून पडते. वार्त्सीची गाडी नजरेत आली, तेव्हाच घड्याळाच्या हिशोबाने नुवोलारी जवळपास दहा मिनिटं पुढे होता. ओव्हरटेक केलं नसतं तरी शर्यत त्याचीच होती. दिवे मालवले असतीलही, दोघांमधली चुरस बघता त्याला ते शोभतं. पण तांबडं फुटायची वेळ होती, दिव्यांची गरज तशीही संपत आली होती. त्या शर्यतीतलं खरं काम वेगळंच आहे. आल्फा रोमियो ६सी १७५० मध्ये, शेजारी बात्तिस्ता ग्विदोत्तीला घेऊन, त्याने ते अंतर १६ तास १९ मिनिटांत कापलं. मिल्ले मिल्यात ताशी १०० किलोमीटरच्या वरची सरासरी पहिल्यांदा तेव्हाच पडली.

आता नुर्बुर्गरिंग, म्हणजे त्या जर्मन ग्रां प्रीचा ट्रॅक, २८ जुलै १९३५.

आधी गाड्या समजून घ्या, नाहीतर टायरचा मुद्दा अधांतरी राहील. त्या वेळी नियम ७५० किलोचा होता. ड्रायव्हर, पेट्रोल, ऑइल, पाणी आणि टायर सोडून गाडीचं वजन ७५० किलोच्या आत पाहिजे. वजन बांधलं की इंजिनं आपोआप लहान होतील, असा नियम करणाऱ्यांचा अंदाज. जर्मनांनी तो साफ खोटा ठरवला. हलके मिश्रधातू वापरले, पैसा ओतला आणि त्याच वजनात अजस्र इंजिनं बसवली. मर्सिडीजची डब्ल्यू २५ चार लिटरच्या आसपास, ताकद ४०० अश्वशक्तीच्या घरात. ऑटो युनियनचं सोळा सिलिंडरचं जवळजवळ पाच लिटरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, ३७५ अश्वशक्ती. अशा नऊ गाड्या त्या दिवशी रांगेत होत्या, पाच मर्सिडीज आणि चार ऑटो युनियन.

समोर आल्फाची पी३. अभियंता वित्तोरियो यानोने १९३२ साठी काढलेलं डिझाइन, म्हणजे चौथा मोसम चाललेला. चार-चार सिलिंडरचे दोन ठोकळे एका ओळीत, दोहोंच्या मधून गिअरची रांग, दोन सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे पंप. सुरुवातीला २.६५ लिटर आणि २१५ अश्वशक्ती. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवत वाढवत १९३५ ला ३.२ लिटर आणि २६५ अश्वशक्तीपर्यंत आणलेली. डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) मागच्या आसावर नाही, गिअरबॉक्सच्या लगेच मागे. तिथून इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन शाफ्ट एकेका मागच्या चाकाकडे जातात. फायदा असा की मागचा आस हलका राहतो, खडबडीत वळणावर चाक कमी उडतं आणि जमीन धरून राहतं. तोटा असा की मूळ २१५ साठी बांधलेल्या या यंत्रणेवर नंतर पन्नास अश्वशक्तीचा जादा बोजा पडला. आल्फाच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या एन्झो फेरारीच्या चमूतल्या बाकी दोन आल्फा, शिरोन आणि ब्रिव्हियोच्या, बिघडून लवकरच बाहेर गेल्या. उरला एकटा नुवोलारी.

शंभराहून जास्त अश्वशक्तीची तफावत सरळ रस्त्यावर भरून निघत नाही. तिथे तो मार खाणारच होता. पण नुर्बुर्गरिंगची फेरी २२.८ किलोमीटरची, चढउतार सुमारे ३०० मीटरचा, वळणं दीडशेच्या वर, आणि सरळ पट्टा म्हणाल तर शेवटचा डॉटिंगर ह्योऽहेचा तेवढा. शिवाय सुरुवातीला रस्ता ओला. ओल्या रस्त्यावर ४०० अश्वशक्ती अरुंद मागच्या टायरांमधून जमिनीवर उतरवायची म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतात, आणि प्रत्येक वेळी रबर जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नुवोलारी वळण कसं घ्यायचा, याचं सगळ्यात नेमकं वर्णन एन्झो फेरारीने केलंय, त्याच्या शेजारी बसून घेतलेल्या अनुभवावरून. पहिल्या वळणाला फेरारीला वाटलं की आता खड्ड्यात. कारण साधा ड्रायव्हर जिथे स्टिअरिंग वळवेल त्याच्या बऱ्याच आधी नुवोलारीने गाडीचं नाक आतल्या कडेकडे रोखलं होतं. गिअर आधीच टाकलेला. मग अॅक्सिलरेटर दाबलेलाच, पाय वर येतच नाही, आणि गाडी चारही चाकांवर आडवी सरकत जाते. केंद्रोत्सारी बल तिला बाहेर ढकलतं, मागच्या चाकांचा जोर तिला रस्त्यावर धरतो. वळण संपतं तेव्हा नाक आपोआप सरळ रस्त्याकडे झालेलं, स्टिअरिंग उलटं फिरवून सावरायची गरजच नाही.

यात पाय न उचलण्याला फार महत्त्व आहे. त्या काळच्या अरुंद, उंच टायरांची पकड हळूहळू सुटते. थोडं सरकूनही ते धरून राहतात, म्हणून असा ड्रिफ्ट शक्य होता. मात्र मधेच पाय काढला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची बाजू हलकी होऊन बाहेर येते आणि गाडी गरकन फिरते. बहुतेक जण तिथेच आपटायचे. भीतीने पाय उचलणं हीच चूक, आणि अंगाला सवय नेमकी त्याचीच. ड्रिफ्टमध्ये मागचे टायर घासतात हे खरं. पण २६५ अश्वशक्तीची हलकी गाडी सारख्या वेगाने सरकत नेणं वेगळं आणि ४०० अश्वशक्तीची गाडी प्रत्येक वळणातून हिसका देऊन बाहेर काढणं वेगळं.

शर्यत एकूण २२ फेऱ्यांची, पाचशे किलोमीटरच्या वर. सुरुवातीला नुवोलारी मागे पडला, मग एकेकाला गाठत दहाव्या फेरीला चक्क पहिला. हे अनेक जण विसरतात: कुणाचाही टायर फुटायच्या कितीतरी आधी तो एकदा आघाडीवर येऊन गेला होता.

मग पिट, म्हणजे पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला थांबायची जागा. पेट्रोल दाबाने भरणाऱ्या पंपाचा दांडा मोडला. मेकॅनिकांनी डबे उचलून नरसाळ्यातून पेट्रोल ओतलं. ब्राउखिट्शची गाडी ४७ सेकंदांत भरून, टायर बदलून निघाली. नुवोलारीला २ मिनिटं १४ सेकंद लागली. पहिल्यावरून थेट सहावा. फेरी-दोन फेऱ्यांत तो पुन्हा दुसरा झाला, पण ब्राउखिट्श आता मिनिटाहून जास्त पुढे होता.

आता टायरचा हिशोब. मॅनफ्रेड फोन ब्राउखिट्श वेगवान, पण गाडीला आणि टायरला झोडपणारा. मर्सिडीजचा आराखडा असा की मध्यावर एकदाच थांबायचं, म्हणजे नवे टायर अकरा फेऱ्या पुरले पाहिजेत. मागे कुणी नसतं आणि तो सांभाळून चालवत असता, तर पुरले असते. नुवोलारी जवळ येत गेला तसा ब्राउखिट्श आणखी जोरात पळवू लागला. शेवटच्या फेरीला दोघांमधलं अंतर अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर उरलं होतं.

इथे मर्सिडीजचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअरच्या जागी उभे राहा. टायर बदलायला बोलवावं, तर थांबणं, निघणं आणि वेग पकडणं मिळून आघाडी जाणार. न बोलवावं, तर टायरवर भरवसा ठेवायचा. आघाडी सव्वा-दीड मिनिटाची असती तर हा पेचच उरला नसता, निवांत टायर बदलून तरीही पहिला राहता आलं असतं. ती वरची गंगाजळी नुवोलारीने फेरीमागून फेरी कुरतडली होती. नॉयबाउअरने जुगार खेळला. कारुसेलच्या वळणाशी ब्राउखिट्शचा डावीकडचा मागचा टायर गेला, आणि तो रिमवर खडखडत पाचवा आला. नुवोलारी पहिला, ऑटो युनियनचा श्टुक दुसरा, मर्सिडीजचा कारात्सिओला तिसरा. पहिल्या नवांत जर्मन गाड्यांचा भरणा आणि त्यांच्या डोक्यावर ही तीन वर्षांपूर्वीची आल्फा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टायर फुटणं हे नशीब म्हणायचं असेल, तर पंपाचा दांडा मोडणं हेही नशीबच. नुवोलारीचं पिटमधलं नुकसान ब्राउखिट्शच्या तुलनेत ८७ सेकंदांचं होतं. ते झालंच नसतं, तर शेवटच्या फेरीला कोण कुणाच्या पुढे असता, ही वजाबाकी तुम्हीच करून बघा. (विजेत्याच्या राष्ट्रगीतासाठी जर्मनांकडे इटलीची रेकॉर्डच नव्हती आणि नुवोलारीने आपली काढून दिली, हा किस्सा सगळीकडे छापलेला सापडेल. छान आहे, पण त्यावर मुद्दा उभा करू नका.)

एकाच शर्यतीवरून माणूस जोखू नये हे मान्य. म्हणून त्याच्या कारकिर्दीतल्या अशा जागा सांगतो जिथे गाडी किंवा शरीर साथ देत नव्हतं.

जन्म १६ नोव्हेंबर १८९२, मांतोव्हाजवळच्या कास्तेल दारियोचा. सुरुवात मोटारसायकलवर, बियांकीच्या ३५० सीसीवर तो १९२५ चा युरोपीय विजेता झाला. त्याच सप्टेंबरात आल्फाने मोन्झाला त्याला पी२ गाडी चालवून बघायला दिली आणि तो जबर आपटला. थोड्याच दिवसांनी तिथेच मोटारसायकलची नेशन्स ग्रां प्री होती. बँडेजमध्ये आवळलेल्या अवस्थेत त्याला गाडीवर बसवावं लागलं. जिंकला.

१९३३ ला मोसमाच्या मध्यावर फेरारीशी बिनसलं आणि तो मासेरातीकडे गेला. तिथल्या ८सीएम गाडीचं इंजिन उत्तम, पण चासी लवचिक. वळणात सांगाडा पिळवटला की चारही चाकांचा कोन बदलतो आणि गाडी एकाच वळणात दोन-तीनदा वागणूक बदलते. ड्रिफ्टवर जगणाऱ्या ड्रायव्हरला हे विषच. बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीआधी त्याने जवळच्याच इंपेरिया कारखान्यात सांगाड्याला मजबुती करून घेतली आणि बेल्जियन ग्रां प्री जिंकली. त्याला नुसता बेडर म्हणणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग वाचावा. त्याच वर्षी ल मांची चोवीस तासांची शर्यत, रेमों सोमेरबरोबर. पेट्रोलच्या टाकीला गळती, ती च्युइंगगमने बुजवत वारंवार थांबणं, आणि चोवीस तासांनंतर विजय जेमतेम दहा सेकंदांनी.

एप्रिल १९३४ ला आलेस्सांद्रियाला पावसात अपघात झाला आणि पाय मोडला. महिनाभराने बर्लिनजवळच्या आव्हुसला तो प्लास्टरसह हजर. क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर तिन्ही एका डाव्या पायाने दाबता येतील अशी पेडलं बसवून घेतली होती. पाचवा आला. आव्हुस जवळजवळ सगळा सरळ रस्ता, गिअर कमी वेळा बदलावे लागतात, म्हणून हे जमलं. मोनाकोला अशक्य होतं.

एप्रिल १९३८ ला फ्रान्समधल्या पो इथे आल्फा ३०८ ची टाकी फुटून आग लागली, तो भाजला आणि आल्फा सोडली. ऑटो युनियनला त्यांचा आघाडीचा ड्रायव्हर बेर्न्ड रोझमायरच्या मृत्यूनंतर माणूस हवाच होता. वय ४५, आणि समोर मागे इंजिन असलेली गाडी. तिच्यात ड्रायव्हर फार पुढे बसत असल्याने मागची बाजू सुटतेय हे त्याला उशिरा कळतं, आणि वजन पाठीमागे असल्याने ती सुटली की लंबकासारखी फिरते. पुढच्या इंजिनावर शिकलेले कित्येक चांगले ड्रायव्हर तिथे हरले. १९३८ च्या डी मॉडेलमध्ये मागचं सस्पेन्शन सुधारलेलं होतं आणि ड्रायव्हरची जागा आधीच्यापेक्षा मागे आली होती, याची मदत झाली हे सांगायला हवं. सप्टेंबरात मोन्झाची इटालियन ग्रां प्री, ऑक्टोबरात इंग्लंडमधली डॉनिंग्टन, दोन्ही जिंकल्या. डॉनिंग्टनला सरावात तर समोर हरीण आलं आणि गाडीखाली सापडलं.

उणी बाजूही आहे. गाड्या त्याच्या हातून खूप तुटल्या. संघ बदलताना तो कुणाचं ऐकायचा नाही. आणि कारात्सिओलासारखं पावसात थंड डोक्याने हातचं राखून चालवणं हा त्याचा स्वभाव नव्हता. तुम्हाला सातत्य मोजायचं असेल तर कारात्सिओलाला वर ठेवा, माझी हरकत नाही.

युद्धानंतरचा नुवोलारी वेगळा वाचावा लागतो. दोन्ही मुलगे अठराव्या वर्षी गेले, जॉर्जो १९३७ ला आणि आल्बेर्तो १९४६ ला. इंधनाच्या आणि एक्झॉस्टच्या वाफांनी त्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती. तरी १९४७ च्या मिल्ले मिल्यात ११०० सीसीच्या उघड्या चिसितालिया गाडीत तो ५४ व्या वर्षी आघाडीवर होता. उत्तरेत धो धो पाऊस लागला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं, ते वाळवण्यात वेळ गेला आणि बियोन्देत्तीची बंद टपाची, अडीचपट मोठ्या इंजिनाची आल्फा पुढे निघून गेली. नुवोलारी दुसरा.

शेवटची शर्यत १० एप्रिल १९५०, पालेर्मोजवळ मोंते पेल्लेग्रिनोचा घाट, चिसितालिया-आबार्थ. आपल्या गटात पहिला. निवृत्ती त्याने कधी जाहीर केलीच नाही. ११ ऑगस्ट १९५३ ला मांतोव्हाला गेला तेव्हाही कागदोपत्री तो ड्रायव्हरच होता.