नकली गवताखाली पाणी साचतंय? गट्टूला छिद्रं पाडायच्या आधी हे पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलं की वर्ध्याकडं काळ्या जमिनीत घर आहे, समोरच्या अंगणात गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवून वर नकली गवत टाकलं, अन् झड लागली की दोन-दोन दिवस पाणी हटत नाही, वास मारतो, म्हणून मिस्त्री म्हणतो ड्रिलनं छिद्रं पाडून टाकू. थांबा जरा. छिद्रातून पाणी जाणार कुठं? खाली काळी मातीच आहे न. उन्हाळ्यात तिला भेगा असतात तेव्हा बादलीभर पाणी ओतलं तर घटकेत गडप होते, मिस्त्रीही खुश अन् आपणही, पण पावसाळ्यात एकदा फुगली की भेगा बंद, मग पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल. वरून माती फुगून-आकसून गट्टू वरखाली होतील ते वेगळंच, अन् भिंतीजवळ असेल तर पायव्यालाही ताप.

आधी पाणी अडतंय कुठं ते पाहा. पाऊस थांबला की गवताचा एक कोपरा उचला. वरच पाणी आहे अन् खाली नुसती ओल, तर गवताच्या पाठीची छिद्रं बुजली. उन्हाळ्याची धूळ, कडुनिंबाचा फुलोरा, पाला, सगळं मिळून खाली चिखलाची साय धरते, वास बहुतेक तिचाच. गवत उलटं करून ब्रशनं घासा, पाईप मारा, बुजलेली छिद्रं पोकरून मोकळी करा. पूर्ण पाठीला गोंद फासून चिकटवलं असेल तर मात्र कठीण आहे, गोंद फक्त कडेला अन् जोडावर पाहिजे.

खाली गट्टूवरच डबकं दिसलं तर उताराचा घोळ आहे. लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून तपासा, नजरेवर जाऊ नका. 100 फुटाला 1 फूट एवढा तरी उतार पाहिजे, म्हणजे 15 फुटात पावणेदोन-दोन इंच, अन् तो घराकडून बाहेर. गट्टूचं एक बरं आहे, सब्बल लावून उचला, खालची चुरी सारखी करा, ठोकून परत बसवा, फोडाफोड नाही. सगळ्यात खालच्या कडेला जाळीची चार इंची नाली काढा अन् तिथून पीव्हीसी पाईप बाहेर. गवताखाली जाळीदार ड्रेनेज मॅट टाकली तर गवत पाण्यावर बसत नाही, पण उतार नसताना नुसती मॅट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

अन् हो, स्लॅबचा पाईप अंगणात सोडलाय का? ते आधी तोडा, छताचं पाणी वेगळं काढा. निम्मं काम तिथंच होते.

शोषखड्ड्याचं विचारलं तुम्ही. हिशोब करून पाहा, 20 बाय 15 फुटाचं अंगण म्हणजे 28 चौरस मीटर, 50 मिलिमीटर पाऊस पडला की 1400 लिटर, म्हणजे 200 लिटरचे सात ड्रम. मीटर बाय मीटर बाय मीटरच्या खड्ड्यात दगड-गिट्टी भरली की पाण्याला जागा उरते जेमतेम 400 लिटर. तो खड्डा मोरीच्या सांडपाण्यासाठी ठीक आहे, झडीसाठी नाही. करायचाच असेल तर काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोल न्या, घरापासून निदान 10 फूट दूर, अन् माती आत उतरू नये म्हणून चहूबाजूनं जिओटेक्स्टाईल कापड लावा. मुरूम फार खोल असेल तर नाद सोडा.

आता गावातल्या नालीत पाईप सोडायचा तर पहिले तिची पातळी मोजा. रस्त्यावर रस्ता चढत जातो, नाली वर येते, अन् आपलं अंगण खाली राहते. तसं असेल तर पाऊस पडल्यावर नालीचं पाणीच तुमच्या गवतावर येईल, म्हणून मागं सांदवाडीकडं, म्हणजे परसाकडं, उतार काढता येतो का ते पाहा, तिकडं केळी-पपई असेल तर बरंच. नसेल जमत तर छोटी टाकी अन् फ्लोटवाला पंप, पण लाईन गेली की तोही बंद. दोन्हीकडच्या पातळ्या मोजून इथं टाका, मग पाईप किती इंची घ्यायचा ते सांगतो.